मामाच्या मधपेट्या आणि कन्नडचा पेपर

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

"मॅडम, नमस्कार. मुलगी बेळगावात पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) सायन्सला आहे. दहावीपर्यंत शाळा मराठीतच झाली. तिच्या मामाकडे सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत, सुट्टी लागली की ही तिकडंच. आता म्हणते, शेतकऱ्यांना सल्ला देतात ते काम करायचंय, मधमाश्या, फळं, लोणची-सरबतं यातलं. आम्ही म्हणतो नर्सिंग कर, हाताला लगेच काम मिळेल. अशी नोकरी खरंच असते का? आणि कन्नड तिला जेमतेम येतं, मग कोल्हापूरला घालावी का?"

नमस्कार. नर्सिंगला मी नावं ठेवणार नाही. तुमच्या हिशोबानं ते बरोबरही आहे, कमाई लवकर सुरू होते. पण सुट्टीत मोबाईल सोडून मधपेटीपाशी बसणारी मुलगी मला तरी वर्षाकाठी एखादीच भेटते, म्हणून आधी तिच्या वाटेनं थोडं चालून बघू.

हे काम काय असतं ते मी स्वतः पाहिलंय. खानापूर तालुक्यातच एका गावात महिला गटाच्या बैठकीला मला बोलावलं होतं. माझ्या आधी कृषी विज्ञान केंद्राच्या एक बाई होत्या, म्हणून मागं बसून ऐकत राहिले. एका काकूंनी मधाची बाटली आणलेली. झाकण फिरवलं तसा फस्स आवाज, वर फेस, आंबूस वास. काकू रडकुंडीला आलेल्या: "लोक म्हणत्यात साखरेचं पाणी घातलंय." बाईंनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, मध काढला तेव्हा पोळ्याची घरं माश्यांनी मेणानं बंद केली होती का? किती दिवस झाले? तेव्हा पाऊस होता का? मग पिशवीतून रिफ्रॅक्टोमीटर काढला (हातात मावेल एवढी दुर्बीण समजा), काचेवर एक थेंब ठेवला आणि काकूंच्याच डोळ्याला लावला. मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर असलं की तो आंबतो, आणि यांनी घरं बंद व्हायच्या आधीच कच्चा मध काढला होता. काकूंनी दोनदा विचारलं, "म्हणजे भेसळ न्हवं न्हवं?" त्यांना तेवढंच हवं होतं. पुढच्या वेळी फ्रेमची बहुतेक घरं बंद दिसल्याशिवाय मध काढणार नाही, हे मग त्या स्वतःच म्हणाल्या.

पलीकडे बीडी भागातून आलेली एक सून होती. तिच्याशी बाई त्याच दमात कन्नडमध्ये वळल्या, "एष्टु दिन आयितु?" (किती दिवस झाले?) आणि परत मराठीत आल्या. हे लक्षात ठेवा, पुढं याच्यावर येते.

तर हो, अशी नोकरी असते. बेळगाव जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्प आणि गोकाककडे तुक्कानट्टी. अशा प्रत्येक केंद्रात एक प्रमुख आणि सहा विषयतज्ज्ञ अशी रचना असते. पिकं, बागायत, पीक संरक्षण असे विषय, आणि बऱ्याच ठिकाणी गृहविज्ञानही. लोणच्याला बुरशी का येते, आमसूल किती वाळवायचं, फणसाचे गरे वर्षभर कसे टिकवायचे, हे त्या गृहविज्ञानवाल्या बाईंचं काम. मात्र विषयतज्ज्ञ व्हायला एम.एस्सी. लागते. म्हणजे चार वर्षं पदवीची, वर दोन. जागाही रोज निघत नाहीत, आणि केंद्र कुठल्या संस्थेकडे आहे त्यावर निवृत्तीनंतरचे फायदे ठरतात. हे आत्ताच सांगते, नाहीतर सहा वर्षांनी तुम्ही मला शोधत याल.

दुसरी वाट सरकारी खात्याची. होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) मुख्य गावातलं रैत संपर्क केंद्र, म्हणजे शेतकऱ्यांसाठीचं सरकारी केंद्र, तुम्ही पाहिलं असेलच, बियाण्याला तिथंच जाता ना? तिथले साहेब कृषी खात्याचे. मधमाश्यांचं मात्र कर्नाटकात बागायत खातं बघतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या नेमणुका केपीएससीकडून, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाकडून, होतात आणि त्यात दहावीच्या पातळीचा कन्नडचा सक्तीचा पेपर असतो. त्यात पास झाल्याशिवाय बाकीच्या मार्कांचा उपयोग नाही.

खासगीत बियाणं-औषध कंपन्या आहेत, साखर कारखान्यांचे शेती विभाग आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. काम मिळतं. पण जिथं सल्ला देणारा आणि बाटली विकणारा एकच असतो, तिथं सल्ला बाटलीपाशीच जाऊन थांबतो. फुलोऱ्यात भरदुपारी फवारू नका, माश्या मरतात, संध्याकाळी फवारा, हे सांगायला तिथं कुणाला टार्गेट नसतं. मुलीला हे आधी कळलेलं बरं.

शिकायचं कुठं? धारवाड कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषी आहे, आणि तिथंच सामुदायिक विज्ञानाचं, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञानाचं, कॉलेजही आहे. घटप्रभेजवळ अरभावीला बागायतीचं कॉलेज आहे, ते बागलकोट विद्यापीठाचं. तिचं मन माश्या आणि फळझाडांत असेल तर मी अरभावी पहिलं लिहीन. बरणी-कढईत जास्त असेल तर सामुदायिक विज्ञान. प्रवेश केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकाच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, त्यासाठी कागदपत्रं आणि प्रात्यक्षिक परीक्षा लागते. त्यात बियाणं, अवजारं, पिकं ओळखावी लागतात. शहरातली मुलं क्लास लावून हे पाठ करतात. तुमची मुलगी शिवारातून दोनदा फिरून आली तरी पुष्कळ.

आता कोल्हापूर. तिथलं कृषी महाविद्यालय चांगलं आहे, राहुरी विद्यापीठाचं. सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी भाषिक मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशांत वेगळी तरतूदही आहे. तुमचं गाव यादीत आहे का ते बघून घ्या. पण तिला काम कुठं करायचंय हे तिला विचारलंत का? जांबोटी-कणकुंबीच्या रानातल्या लोकांसाठी करायचं असेल तर नोकरी कर्नाटकातलीच, आणि कन्नड टाळून ती मिळत नाही. कोल्हापूरला जाऊन कन्नडचा प्रश्न फक्त चार वर्षं पुढं ढकलला जाईल. सीमाप्रश्नावर माझ्या घरातही जेवणं थंड होतात, त्यामुळं तुमच्या मनात काय येत असेल ते मला कळतं. पण ती बीडीची सून बाईंशी मोकळी बोलली ती कन्नडमुळंच.

म्हणून माझं मत: नर्सिंग की कृषी हे केसीईटीच्या निकालावर ठरवा, तोवर दोन्हीकडचे अर्ज भरा. कन्नड मात्र याच आठवड्यापासून. रोज एक पान वाचायचं, आणि दर रविवारी संतेत (आठवडी बाजारात) भाजी घेताना फक्त कन्नड बोलायचं. पहिले दोन महिने हसतील, हसू द्या.

मामाच्या पेट्यांची एक वही तिला घालायला सांगा. कुठल्या तारखेला कुठल्या झाडाला फुलोरा होता, पावसाळ्यात मेणकिडा कधी लागला, साखरपाणी किती दिलं, मुंग्यांसाठी पायांखालच्या वाट्यांत पाणी कधी भरलं, सगळं. आणि मामांना 1991-92 च्या आसपासचं विचारायला सांगा. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं तेव्हा दक्षिणेतल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या होत्या. मामांकडे तेव्हा पेट्या होत्या का, किती उरल्या, पुन्हा कुठून आणल्या, ते त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहू दे.

पत्रात मार्क लिहायचे राहिलेत. पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे वेगवेगळे कळवा. दहावीला कन्नडमध्ये किती होते तेही, लाजू नका.