एकोणिसाव्या शतकात कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याने घरी लिहिलेली पत्रं वाचायची आहेत, कुणाची वाचू?

तुम्ही विचारलंय की कॉलेज आणि पुढे कायदा शिकलेल्या त्या काळच्या एखाद्या विद्यार्थ्याची घरच्यांना लिहिलेली पत्रं वाचायची आहेत. मी बिनदिक्कत एकच नाव सांगेन, कॉर्नेलिया सोराबजी. मी पुण्यात वकिली करते. येरवड्याकडे जाताना डेक्कन कॉलेजची दगडी इमारत दिसली की तिची आठवण येतेच.

जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी घरातले, ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायची. डेक्कन कॉलेजात ही पहिलीच मुलगी. ती येताना दिसली की मुलं वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घ्यायची. तरी बी. ए. ला ती पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला जायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, ती मात्र मुलगी म्हणून तिला नाकारली. मग इंग्लंडमधल्या लोकांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. पुण्याला पत्रं यायला लागली ती तेव्हापासून.

तिने म्हातारपणी, १९३४ साली, आत्मचरित्रही लिहिलं. तेही वाचा, पण पत्रांनंतर. आत्मचरित्र लिहिणारीला शेवट माहीत असतो. पत्र लिहिणाऱ्या मुलीला पुढच्या महिन्यात परीक्षेला बसू देतील की नाही हेही ठाऊक नसतं. टपाल बोटीने जायचं, म्हणजे घरी पत्र पोचून उत्तर यायला महिना सहज उलटायचा. आईची धीर देणारी ओळ हातात पडेपर्यंत इकडची गोष्ट कुठल्या कुठे गेलेली असायची! मी स्वतः लॉ कॉलेजच्या होस्टेलवरून आईला आंतरदेशीय पत्रं लिहायचे. एक विषय राहिला हे मी सलग तीन पत्रांत लिहिलं नाही, जेवण चांगलं आहे एवढंच लिहीत राहिले. त्यामुळे घरी लिहिलेलं पत्र वाचताना माझी नजर आधी न लिहिलेल्या गोष्टीकडे जाते.

१८९० मध्ये ऑक्सफर्डच्याच ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात तिला बसून वाचायची परवानगी मिळाली, ती त्या कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांच्यामुळे. त्याआधी तिथे बाईला प्रवेशच नव्हता. कायद्याची पुस्तकं कुठे बसून वाचायची, प्रश्न इथपासून होता. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट पाठीशी उभे राहिले. आणि १८९२ मध्ये बी. सी. एल. ची, म्हणजे कायद्याच्या पदवीची, परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिला पुरुषांबरोबर बसू द्यावं म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा देणारी ती पहिली बाई. निकाल लागला, तिसरा वर्ग. इथे मला गलबलून येतं. डेक्कन कॉलेजात पहिली आलेल्या मुलीने हे घरी कळवायचं, तेही इतक्या लोकांच्या वर्गणीवर शिकत असताना. वकिलीत असल्यामुळे मला माहीत आहे, असा आकडा माणसाच्या मागे जन्मभर लागतो.

मूळ कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथवर जाणं जमणार नसेल तर तिचे पुतणे रिचर्ड सोराबजी यांनी २०१० मध्ये लिहिलेलं इंग्रजी चरित्र घ्या. त्यात पत्रांचा भरपूर आधार आहे. एक सांगून ठेवते, पुढे ती इंग्रज राज्याची कट्टर समर्थक झाली आणि गांधीजींच्या विरोधात बोलली. मला ते पटत नाही, पण म्हणून पत्रं बाजूला ठेवू नका.

परीक्षा १८९२ ची, पण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. कॉर्नेलियाच्या हातात पदवी पडली ती १९२२ साली. पुण्याच्या ज्या घरी ती पत्रं जायची, तिथे तोवर वडीलही नव्हते आणि आईही नव्हती.