तिसरी धाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारच्या फुटबॉल सामन्यानंतर तू पाठवलेला निरोप मी दोनदा वाचला. एक फटका बारवरून गेला, दुसरा खांबाला लागून परतला, आपण ०-१ हरलो आणि "ताई, स्ट्रायकर होणे माझ्याच्याने होणार नाही" असे तू लिहिलेस. त्या दोन फटक्यांबद्दल मला काहीच बोलायचे नाही, कारण फटका चुकणे हा गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणाऱ्या स्ट्रायकरचा रोजचा व्यवहार आहे. माझ्या मनात राहिला तो तिसरा प्रसंग, आणि तुझ्या निरोपात त्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्या सत्रात आपली डावी विंगर, म्हणजे डाव्या कडेने खेळणारी मुलगी, गोलरेषेपर्यंत पोहोचली आणि तिने खालून, जोरात क्रॉस दिला, म्हणजे कडेवरून चेंडू गोलसमोर पाठवला. चेंडू गोलकीपरच्या हाताखालून निसटला, गोलच्या तोंडासमोरून आडवा सरकत गेला आणि पलीकडच्या चुन्याच्या रेषेबाहेर जाऊन थांबला. तू तेव्हा गोलसमोरच्या बॉक्सच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होतीस, कारण त्याआधी दोन वेळा तू जीव तोडून धावली होतीस आणि दोन्ही वेळा चेंडू आलाच नव्हता.

ती तिसरी धाव तू घ्यायला हवी होतीस. स्ट्रायकरची सगळी कारकीर्द या एका सवयीवर उभी राहते, असे मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगते. चेंडू येईल की नाही हे माहीत नसताना, तो येण्याआधी आपण जागेवर असणे, आणि तो आला नाही तरी पुढच्या वेळी तितक्याच वेगाने पुन्हा तिथे जाणे, हे जिला जमते तिला गोल मिळतात. कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचे उदाहरण घे. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये १९० गोल करणारी ही खेळाडू ३३१ सामने खेळली, म्हणजे पुष्कळ सामन्यांतून ती एकही गोल न करता परतली. २०१२च्या ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात तिने अमेरिकेविरुद्ध तीन गोल केले आणि तरीही कॅनडा ३-४ असा हरला. त्यानंतर नऊ वर्षांनी, टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, वयाची अडतिशी गाठलेली सिंक्लेअर बॉक्समध्ये शिरली, तिला पाडले गेले आणि पेनल्टी मिळाली. ती पेनल्टी जेसी फ्लेमिंगने मारली आणि कॅनडाने बरोबरी साधली. पुढे शूटआउटमध्ये सुवर्णपदक जिंकले. गोलच्या यादीत तिथे सिंक्लेअरचे नाव नाही, पण ती धाव तिची होती.

मैदानावर जे घडते तेच आपल्या देशात मुलींच्या फुटबॉलमध्ये वर्षांच्या हिशेबाने घडते, म्हणून ही सवय तुला मैदानाबाहेरही लागणार आहे. मणिपूरची बाला देवी वयाच्या पंधराव्या वर्षी भारताच्या मुख्य संघातून खेळू लागली. तेव्हा मुलींसाठी राष्ट्रीय पातळीवरची लीगसुद्धा नव्हती; ती २०१६-१७च्या हंगामात सुरू झाली. पोलीस दलातली नोकरी आणि खेळ असे दोन्ही सांभाळत ती गोल करत राहिली, आणि स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिला करारबद्ध केले ते जानेवारी २०२० मध्ये, तिसावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना. तिथला पहिला गोल व्हायला डिसेंबर उजाडला, आणि तोही बदली खेळाडू म्हणून उतरल्यावर. पंधरा वर्षांत तिने एखादा हंगाम जरी कमरेवर हात ठेवून काढला असता, तर तो क्रॉस आला तेव्हा ती तिथे नसती.

भारतीय संघातल्या मनीषा कल्याणचा गोलही तू पाहून घे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या मानौस येथे आपण ब्राझीलकडून १-६ असे हरलो, पण सुरुवातीच्या काही मिनिटांत बरोबरी साधून देणारा गोल तिचा होता, आणि पुढच्याच वर्षी सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून ती युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत उतरली. त्या स्पर्धेत खेळणारी ती पहिली भारतीय. याउलट जानेवारी २०२२चा आशिया चषक आपल्याच महाराष्ट्रात होता. आपल्या संघाने नवी मुंबईत इराणशी ०-० अशी बरोबरी केली आणि मग संघात कोरोना पसरल्यामुळे स्पर्धाच सोडावी लागली. त्या मुलींच्या मनाचे काय झाले असेल याचा विचार मी आजही करते. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून भारताने पुढच्या आशिया चषकाची पात्रता मिळवली, आणि दोन्ही गोल करणारी संगीता बासफोर तर मधल्या फळीतली खेळाडू होती.

आता शरीराविषयी, आणि इथे मी थोडी कठोर होणार आहे. मी एकोणीस वर्षांची असताना हेडर मारून खाली आले, उजवा गुडघा आत वळला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. ज्यांना दाखवले त्यांनी मुरगळल्याचे सांगून पट्टी बांधली, आणि जिल्ह्याच्या संघात जागा जाईल या भीतीने मी तीन आठवड्यांत पुन्हा खेळले. गुडघ्याची हाडे बांधून ठेवणारे लिगामेंट तुटले होते हे कळेपर्यंत आतली गादीही फाटली होती. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक होते, आणि ती बरीचशी टाळता येते. सरावाआधीचा वीस मिनिटांचा व्यायाम, ज्यात एका पायावरचा तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे हे सारे येते, तो तू "ताई, आज उशीर झाला" म्हणून गाळतेस. यापुढे उशीर झाला तर खेळ कमी कर, तो व्यायाम कमी करू नकोस. नॉर्वेच्या आदा हेगरबर्गला, म्हणजे २०१८ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी'ओर हा पुरस्कार महिलांमध्ये पहिल्यांदा जिंकणाऱ्या स्ट्रायकरला, याच दुखापतीनंतर मैदानावर परतायला जवळजवळ वीस महिने लागले. तिने ते महिने दिले, आणि २०२२च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध गोल केला.

पाळीच्या तारखा आणि त्या दिवसांतला थकवा वहीत लिहीत जा आणि मला मोकळेपणाने सांग; वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर मैदानावर राहू नकोस. उन्हात करपून कोणी कणखर होत नाही, नुसते शरीर झिजते.

पदवी पूर्ण कर. रेल्वे आणि पोलीस दलात खेळाडूंसाठी जागा निघतात, त्यावर लक्ष ठेव, आणि कोणत्याही क्लबचा कागद घरी वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नकोस. राज्याच्या निवड चाचणीला जाशील तेव्हा राजमाता जिजाबाई करंडकासाठी, म्हणजे राज्यांच्या महिला संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, वरिष्ठ संघात नाव आले नाही तरी त्याच आठवड्यात सरावाला ये.

तुझी आजी त्या दिवशी मैदानाच्या कठड्याशी उभी राहून शेजारणीला विचारत होती, "पोट्टी नुसती इकडून तिकडे धावून राहिली, तिला बॉल काहून देत नाहीत?" त्यांना मी समजावून सांगेन. पण तू खरेच धावत होतीस, त्यांच्या ते लक्षात आले होते, आणि मला ते ऐकून फार बरे वाटले.

सोमवारी पहाटे साडेपाचला रेशीमबागेच्या मैदानावर ये. डावी विंगर पण येणार आहे. ती पंचवीस क्रॉस देईल आणि त्यांतले कोणते तुझ्यापर्यंत पोहोचवायचे हे मी तिला आधी सांगून ठेवणार आहे. तुला सांगणार नाही. तू पंचवीसही वेळा गोलच्या दूरच्या खांबापाशी पोहोचायचे आहेस. येताना जुने बूट आण, दवामुळे गवत निसरडे असते.

तुझी,
ताई
नागपूर