लायनर बदलूनही ट्रक डावीकडेच का ओढतो?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळचा टाटा 407 आहे. वाशीच्या बाजारात भाजीपाला भरून तो ठाण्यातून घोडबंदर रस्त्याने मीरा रोडकडे जातो. ब्रेक दाबला की ट्रक डावीकडे ओढतो, म्हणून एका गॅरेजमध्ये पुढच्या डाव्या चाकाचे लायनर (ब्रेक दाबल्यावर चाकाच्या ड्रमला आतून घासणारे पट्टे) दोनदा बदलून घेतले. फरक पडला नाही. आता उजव्या चाकाच्या आत ओल दिसू लागली आहे. मेकॅनिकच्या मते व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) एमरी पेपरने घासून नवे रबर किट टाकले आणि ड्रम पुन्हा एकदा लेथवर लावला की काम होईल. एवढ्याने भागेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपला खर्च डाव्या चाकावर झाला असला, तरी दोष बहुधा उजव्या चाकात आहे. ज्या बाजूचा ब्रेक अधिक धरतो त्या बाजूला वाहन ओढले जाते. त्यामुळे उजवा ब्रेक पुरेसा धरत नसेल, तर डावा ब्रेक अगदी निर्दोष असूनही ट्रक डावीकडेच जाईल. प्रथम ती ओल कशाची आहे ते पाहावे. ब्रेक ऑइल पाण्याने धुतले जाते, हबमधले ग्रीस धुतले जात नाही. ब्रेक ऑइलच असेल, तर सिलिंडर गळतो आहे आणि उजवे लायनर ते ऑइल प्यायले आहेत. असे लायनर वरून कितीही घासले तरी तापल्यावर ऑइल पुन्हा वर येते, म्हणून ते बदलावेच लागतात, आणि तेही पुढच्या दोन्ही चाकांचे एकाच प्रतीचे, एकाच वेळी.

सिलिंडरच्या बाबतीत मात्र एमरी पेपरला माझा स्पष्ट विरोध आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, खाडीकाठच्या दमट हवेत तर अधिकच, आणि त्या पाण्याने बिडाच्या सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात. नुसते डाग असतील तर बारीक दगडाने आतून घासून, म्हणजे होनिंगने, ते निघतात. परंतु पिस्टनपाशी ऑइल अडवणारा रबरी कप जिथे सरकतो त्या पट्ट्यात नखाला लागेल एवढा खड्डा असेल, तर तो जाईपर्यंत घासताना सिलिंडरच मोठा होतो, पिस्टन सैल पडतो आणि दाबाखाली कपाची कड त्या फटीत चिमटली जाते. नवे किट मग काही दिवसांतच गळू लागते. अशा वेळी नवा सिलिंडर बसवणे उत्तम. तो मिळत नसेल, तर वागळे इस्टेट किंवा तुर्भे भागातल्या चांगल्या मशिनिंग करणाऱ्याकडून स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह (आतली नळी) बसवून घेता येते. आतला व्यास मूळ मापाचाच राहिला पाहिजे, हे त्याला बजावून सांगावे. पिस्टनचा जोर व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे 25 मिलिमीटरच्या जागी 24 मिलिमीटर झाले तर त्या चाकाचा जोर सुमारे 8 टक्क्यांनी घटेल आणि ज्या ओढीसाठी एवढा खटाटोप केला, ती तशीच राहील. जोडणीपूर्वी सर्व भाग नव्या ब्रेक ऑइलनेच धुवावेत. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने हे रबर फुगते.

ड्रम पुन्हा लेथवर लावण्यापूर्वी तो मोजावा. बहुतेक ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापलीकडे गेलेला किंवा आरपार तडा गेलेला ड्रम भंगारातच द्यावा, त्यावर वेल्डिंग करू नये. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तापून फाकतो. मर्यादेत असेल, तर दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्याच मापाला आणावेत. ड्रम मोठा झाल्यावर साध्या जाडीचा लायनर फक्त मध्यभागी टेकतो, म्हणून ओव्हरसाइज, म्हणजे जास्त जाडीचे, लायनर घेऊन ते ड्रमच्या गोलाईला घासून घ्यावे लागतात. ड्रमला आतून खडू लावून शू (लायनर ज्यावर बसतो ती कमान) फिरवला की लायनर कुठे टेकतो आणि कुठे नाही, हे लगेच कळते. रिबिटे मधून कडेकडे मारत जावीत, म्हणजे लायनर आणि शू यांच्यात फट राहत नाही.

जुने ब्रेक ऑइल संपूर्ण काढून नवे भरावे व सर्व चाकांच्या ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढावी. डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाणित किमान मर्यादा 140 अंश आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या उतारावर भरलेला ट्रक ब्रेकवर धरून नेताना ऑइल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून हे काम होईपर्यंत माल दुसऱ्या गाडीने पाठवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझा मुलगा ब्रेकचे काम शिकतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे योग्य आहे का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत.