सांगलीजवळ हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर थाई मांगूर (बाहेरून आणलेला परका मासा) सापडला, तो कुठल्या तळ्यातून आला हे तपासून कळेल का?

बऱ्याच अंशी कळतं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी चुन्याचे छोटे पांढरे खडे असतात. झाडाच्या खोडासारखे त्यांत वर्षागणिक थर चढतात आणि त्या त्या वेळच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम, बेरियम ही मूलद्रव्यं त्या थरांत कायमची अडकतात. खडा घासून पातळ करायचा आणि मध्यापासून कडेपर्यंत लेसरने तपासायचा. मध्याला जन्माचं पाणी, कडेला आत्ताचं. मधे त्यांच्या प्रमाणाचा आकडा जिथे एकदम बदलतो, तिथे मासा हलवला गेला. थर मोजले की वर्षही निघतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन तलावात 1994 साली परका लेक ट्राउट सापडला. तो शेजारच्या लुईस तलावातून आणून सोडलेला होता, हे याच पद्धतीने निघालं.

आपल्याकडची खरी अडचण खडकाची, कारण पाण्यात स्ट्रॉन्शियम खडकातूनच उतरतं. कोयनेपासून सांगलीपर्यंत सगळा काळा बेसाल्ट, त्यामुळे कराडचं तळं आणि मिरजेचं तळं वेगळं ओळखणं कठीण. पण मत्स्यबीज (माशाची पिल्लं) ग्रॅनाइटच्या मुलखातल्या हॅचरीतून आलं असेल, तर स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण स्पष्ट वेगळं दिसतं. संशयित तळ्यांच्या पाण्याचे नमुने मात्र सोबत लागतातच.

या माशाच्या पालनावर देशात बंदी आहे, म्हणून पुरावा जपा. अख्खा मासा बर्फात ठेवून मत्स्य विभागाला कळवा. फॉर्मेलिनमध्ये अजिबात बुडवू नका, खडे विरघळायला लागतात. आणि जिवंत असेल तर कृपा करून परत कृष्णेत सोडू नका.