आरटीईतून प्रवेश मिळालेल्या मुलीकडून शाळा पैसे मागू शकते का?

प्रश्न : माझ्या मुलीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेश मिळाला, ती आता चौथीत आहे. शासनाकडून पैसे आले नाहीत, असे सांगून शाळा ‘ॲक्टिव्हिटी फी’ म्हणून 18,000 रुपये मागते आणि प्रगतिपुस्तक देत नाही. शेजारी महापालिकेची शाळा असल्याने या जागा आता रद्द झाल्या, असेही मुख्याध्यापिका म्हणतात. दाखला काढून घ्यावा का?

उत्तर : दाखल्यासाठी अर्ज मुळीच करू नये. आपण तो स्वतःहून नेलात, तर पालकांनीच प्रवेश सोडला असे शाळा उद्या म्हणेल. उलट आठवी पूर्ण होईपर्यंत मुलीला काढून टाकण्यास कायद्याच्या कलम 16 नेच मनाई आहे.

एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या राखीव जागांतून सूट देणारी अधिसूचना राज्य शासनाने 9 फेब्रुवारी 2024 रोजी काढली होती खरी. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने ती 19 जुलै 2024 रोजी रद्द ठरवली. मुख्याध्यापिकांपर्यंत बहुधा पहिलाच कागद पोहोचला असावा.

प्रतिपूर्ती, म्हणजे अशा मुलांच्या फीपोटी शासनाने शाळेला द्यायची रक्कम, थकल्याची शाळांची तक्रार पुष्कळदा रास्त असते. मात्र कलम 12(2) नुसार ते येणे शासनाकडून आहे, आणि शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा ठरेल अशी कोणतीही फी किंवा खर्च देण्यास बालक बांधील नाही, असे कलम 3 स्पष्ट सांगते. (आपली शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही, हे मी गृहीत धरले आहे.)

आपल्या पत्रात महापालिका येते ती केवळ शेजारच्या शाळेपुरती. माझ्या मते सारे प्रकरण तिच्याकडेच नेले पाहिजे. दुर्बल व वंचित घटकांतील बालकाशी कोणत्याही कारणाने भेदभाव होणार नाही आणि त्याचे शिक्षण अडणार नाही, हे पाहणे कलम 9 ने स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे येथे महापालिकेचे, कर्तव्य ठरवले आहे. त्यामुळे ‘हा तुमचा आणि शाळेचा आपसातला प्रश्न’ असे उत्तर तेथील अधिकाऱ्याला देता येत नाही. कलम 32 खाली महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. सोबत प्रवेशपत्र आणि फी मागणाऱ्या संदेशांच्या छापील प्रती जोडाव्यात, आणि फीची मागणी मागे घेऊन प्रगतिपुस्तक तत्काळ द्यावे, अशी नेमकी मागणी लिहावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये, कारण दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय देण्याचे बंधन महापालिकेवर आहे आणि पोच नसेल तर ही मुदत केव्हा सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही.

निर्णय विरुद्ध गेल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. मुदत टळूनही महापालिका गप्प राहिल्यास उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया व बालकांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.