अंबडला नोकरी, हातात ३२ हजार: नाशिकमध्ये भाड्याचं घर

तुम्ही दिलेली माहिती अशी: पगार हातात ३२,०००, अंबड एमआयडीसीत शिफ्ट, घरात बायको आणि यंदा पहिलीत जाणारी मुलगी. आडगावला वन बीएचके ८,०००ला मिळतोय, पाथर्डी फाट्याला तेवढाच ९,०००ला. घ्यायचा कुठला?

पाथर्डी फाट्याचा. आडगावहून अंबडला जाऊन-येऊन रोज तीसेक किलोमीटर होतात. २६ दिवसांचे ७८०, म्हणजे पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीलाही पंधरा-सोळा लिटर पेट्रोल. पाथर्डी फाट्यावरून तेच चार-पाच लिटरमध्ये भागतं. वाचवलेले हजार रुपये पंपावर जातात, वर द्वारका चौकाची कोंडी रोजची. पाथर्डी फाटा नाही जमला तर कामटवाडे, त्रिमूर्ती चौक, सिडकोची जुनी घरं बघा. सिडकोत खोल्या लहान आणि पार्किंगची बोंब, पण शाळा, दवाखाना, भाजी सगळं पायी.

महिन्याच्या भाड्यापेक्षा किल्ली हातात पडेपर्यंतचा खर्च जास्त अंगावर येतो. ९,०००च्या घराला तीन महिन्यांचं डिपॉझिट २७,०००, पहिलं भाडं ९,०००, एजंटचं एक महिन्याचं ब्रोकरेज ९,०००, करारनोंदणी दीड-पावणेदोन हजार, टेम्पो-हमाली तीन-चार हजार. पन्नास हजार तयार नसतील तर आधी डिपॉझिटवर बोला, भाड्यावर नंतर. घर दोन महिने रिकामं असेल तर मालक दोन महिन्यांच्या डिपॉझिटवर येतो. किती दिवस रिकामं आहे ते वॉचमन सांगतो, एजंट नाही.

ब्रोकरेज वाचवायचं तर रविवारी सकाळी त्या भागात पायी फिरा. टु-लेटचे बोर्ड, किराणावाला, इस्त्रीवाला. चांगली घरं बोर्ड लागायच्या आत यांच्या तोंडूनच जातात. एजंट घेतलाच तर ११ महिन्यांनी नूतनीकरणाला पुन्हा ब्रोकरेज नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि ‘बदली झाली, घर न बघता टोकन पाठवा, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा दिसला की ब्लॉक करा.

घर सकाळी सात-आठला बघा, तेव्हाच पाण्याचं खरं कळतं. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये बादली भरून बघा. फार वेळ लागला तर लाईन चोंदलेली असू शकते. शॉवरच्या भोकांवर पांढरा थर असेल तर बहुधा बोअरचं पाणी येतंय. पिण्याचं महापालिकेचं वेगळं येतं का आणि उन्हाळ्यात टँकर लागला तर पैसे कोण देतं, हे शेजाऱ्याला विचारा. मग बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत नख ओढा. रंग पापुद्र्यासारखा सुटून खाली पांढरी पूड निघाली तर आत पाणी मुरतंय, आणि नवा रंग तेच लपवायला मारलाय. त्या भिंतीला कपाट लावलंत तर पावसाळ्यात कपडे बुरशीने जातील. वरचा मजला असेल तर छताचे कोपरेही असेच बघा.

बंगल्यात वरची खोली घेताना वीज आधी विचारा. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० बरेच महाग. मालकाचा आणि तुमचा एकच मीटर असेल तर तुमचे ८० युनिटही वरच्या टप्प्यात जातात, आणि सब-मीटरवर मालक ठरवेल तो दर. म्हणून स्वतंत्र मीटरचंच घर घ्या. ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी ऑनलाइन दिसते. बिलावरचं नाव, घरपट्टीवरचं नाव आणि करारावर सही करणारा माणूस एकच आहे ना, तेही ताडून घ्या.

आता करार. ‘नोटरी करून टाकू’ म्हणणारे मालक खूप भेटतील. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. मालक कुरकुरला तर त्याला सांगा की नोंदणी नसली आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. उलटं सिद्ध करणं मालकाच्या माथी. खर्चही फार नाही. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. तुमच्या आकड्यांवर ते तीनशेच्या आसपास, वर महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन दस्ताचे ३००. घरी येऊन थंब घेणाऱ्याची फी वेगळी, ती आधी ठरवा. मुलीसाठी आरटीईचा (खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागेचा) अर्ज भरणार असाल तर नोंदणीकृतच करार लागतो, त्यामुळे अर्ज सुरू व्हायच्या आत उरका.

कराराचा छापील मसुदा मालकाच्या बाजूचा असतो. लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत करार मोडता येत नाही ती, दोघांनाही लागू करून घ्या. २०२७च्या सिंहस्थामुळे पंचवटी-तपोवनाकडचं घर घेतलंत तर हे विशेष. पर्वणीच्या दिवसांत चढ्या दराने देण्याचा मोह मालकाला होणारच. मेंटेनन्स कोण भरणार हे रकमेसकट लिहा. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारे) मालकाचे असतात, ते तुमच्यावर ढकलू देऊ नका. ‘घर सोडताना रंगकाम भाडेकरूकडे’ ही ओळ खोडून ‘नेहमीच्या वापरातली झीज वगळून’ असं घाला, आणि डिपॉझिट किल्ली देतानाच परत, असं स्पष्ट लिहा. एक महिन्याचं भाडं त्या एका ओळीत अडकलेलं असतं.

सामान लावायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: मीटरचं रीडिंग, पंखे, नळ, फुटलेली फरशी, दाराच्या कड्या. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा. पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहितीही मालकाकडून त्याच आठवड्यात ऑनलाइन भरून घ्या आणि पोच जपून ठेवा.