वाचक विचारतात: गुरुत्वाकर्षणाला बाई-पुरुष कळतं का?

प्रश्न: ताई, मी फिजिक्सचा विद्यार्थी. स्त्रीवादी ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कसं तयार होतं हे स्त्रीवादी नजरेतून तपासणं, असाही एक विषय असतो हे ऐकून चक्रावलोच. विज्ञान ऑब्जेक्टिव्ह असतं ना, मग त्यात हे राजकारण कशाला?

उत्तर: अरे, दगड बाईच्या हातून सुटला काय नि बुवाच्या, खालीच पडणार, त्यावर कुणाचंच भांडण नाहीये. भांडण आहे ते प्रश्न कुठला विचारायचा, डेटा कुणाकडे बघून गोळा करायचा आणि 'नॉर्मल' कुणाला धरायचं यावर.

माकडांचंच घे ना. पूर्वी बरेच अभ्यासक नजरेत भरेल ते टिपून घ्यायचे, आणि नजरेत काय भरणार, तर नरांच्या मारामाऱ्या, मग निष्कर्षही तसाच, की टोळी म्हणजे नरांची उतरंड आणि माद्या आपल्या आहेत आजूबाजूला. १९७४ मध्ये प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी निरीक्षणाच्या पद्धतींवर पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं, प्राणी आधीच ठरवा आणि ठरलेला वेळ त्याच्याकडेच बघा, मग तो काही करो न करो. झालं, गप्प बसलेल्या मादीलाही तेवढीच मिनिटं मिळायला लागली आणि माद्यांची आपसातली नाती, पिल्लं वाढवणं, हे सगळं डेटात यायला लागलं. पेपर घोषणाबाजीचा नव्हता हां, पक्का मेथडचा होता, आणि म्हणूनच मला हे उदाहरण आवडतं, कारण इथे पद्धत ढिली नाही तर उलट कडक झाली. स्त्रीवादी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांची 'स्ट्राँग ऑब्जेक्टिव्हिटी' ही कल्पना साधारण हेच सांगते, की पुरावा तपासता तसा तो गोळा करणाराही तपासा.

औषधांत तर गोष्ट थेट जिवाशी येते. अमेरिकेत १९७७ पासून मूल होऊ शकेल अशा बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवा अशी एफडीएची, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेची, सूचना होती, ती १९९३ मध्ये बदलली. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचा बायकांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला तो थेट २०१३ मध्ये, औषध येऊन वीसेक वर्षं झाल्यावर! बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं, म्हणजे सकाळी गाडी चालवताना गुंगी असू शकते.

आता बाई म्हटली की तिला आपोआप खरं दिसतं, असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नकोस, हार्डिंगही तसं म्हणत नाहीत. आणि फिजिक्सच्या समीकरणांवर ही टीका लावायला गेलं की मलाही ती जरा ताणल्यासारखी वाटते. तिथे विज्ञानाच्या तत्त्वज्ञ हेलन लाँजिनो जास्त कामाच्या, त्या समीकरणाऐवजी माणसांकडे बघतात: टीका करायला जागा आहे का, आणि ज्युनिअरने चूक दाखवली तर सिनिअर काही बदलतो का.